सोपानला घेऊन येतोय

“एक गोष्ट आधीच सांगते,” इन्स्पेक्टर लाइटनर म्हणाल्या. “त्याचा भाऊ गेलाय, हे त्याला अजून माहीत नाही. जबाब पूर्ण होईपर्यंत ते त्याला कळता कामा नये.”

व्हिएन्नातल्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो. नोव्हेंबरातली सकाळ होती. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. लाइटनर पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या बाई, आवाज मात्र मऊ. त्यांच्या शेजारी एक तरुण डॉक्टर उभा होता आणि त्याला दुसरीकडे कुठे तरी जायची घाई होती.

“कळलं तर काय होईल?” मी विचारलं.

“तो बोलायचा बंद होईल. आठवडाभर, महिनाभर, सांगता येत नाही. मला तेवढं थांबता येणार नाही. ट्रामच्या थांब्यावर उभी असलेली एक बाईही मेली आहे.” मग डॉक्टरकडे मान करून त्या म्हणाल्या, “जबाब झाला की हे सांगतील त्याला. तुमचं काम एवढंच. मी बोलेन ते त्याला सांगायचं, तो बोलेल ते मला. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही. जमेल?”

“जमेल,” मी म्हटलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्याला जर्मनमध्ये एम.ए. करत होते आणि एका सत्रासाठी व्हिएन्नाच्या विद्यापीठात आले होते. आमच्या रावेतच्या भावकीत परदेशी गेलेली पहिलीच मुलगी. वडील चिंचवडला कारखान्यात फिटर. मला सोडायला दोन जीपा भरून माणसं मुंबईच्या विमानतळावर आली होती. इथे येऊन दोन महिने झाले होते, अभ्यास झेपत होता, थंडी झेपत नव्हती. होस्टेलवर सगळ्या परक्या मुली. घरी फोन व्हायचा तेवढंच मराठी. त्यामुळे त्या सकाळी आमच्या प्राध्यापक बाईंनी तासावरून बाहेर बोलावून, “तू मराठी बोलतेस ना? इस्पितळाला माणूस हवाय,” असं विचारलं, तेव्हा आधी मला बरंच वाटलं होतं.

इस्पितळात पोचल्यावर कळलं ते असं. शहराच्या टोकाला काचघरं आहेत, तिथे हिवाळ्यातसुद्धा काकड्या आणि टोमॅटो पिकवतात. मावळातले दोन सख्खे भाऊ, मारुती आणि सोपान गराडे, अशाच एका काचघरात कामाला होते. गावाकडे गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये काम करायचे, तिथून एका एजंटामार्फत वर्षापूर्वी इकडे आले. आदल्या दिवशी पहाटे मालकाच्या व्हॅनमधून बाजारात माल पोचवायला निघाले आणि व्हॅन ट्रामच्या थांब्यावर चढून उलटली. थांब्यावर उभी असलेली म्हातारी बाई गेली. सोपान काचेतून बाहेर फेकला गेला, तोही गेला. मारुती वाचले. आधी एका पंजाबी गृहस्थांना हिंदीसाठी बोलावलं होतं, पण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट जे बोलतोय ते हिंदी नव्हे, असं सांगून ते निघून गेले होते.

खोलीत शिरलो तेव्हा मारुती गराडे छताकडे बघत पडले होते. पस्तिशीचा, काटक माणूस. डावा हात प्लास्टरमध्ये, खालचा ओठ फाटलेला. इस्पितळाचा झगा गळ्याशी सैल झाला होता आणि उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका उतरलेला काळानिळा वळ दिसत होता.

“दादा, मी शलाका भोंडवे,” मी खुर्ची ओढून बसत म्हटलं. “या पोलीस बाई आहेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, मी मराठीत सांगेन.”

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघतच राहिले.

“भोंडवे? कुठलं?”

“रावेत.”

“आमची एक आत्या दिलीय रावेतला,” ते म्हणाले. ओठ दुखत असावा, शब्द हळूहळू येत होते. “पावणेच की मग.” आणि त्याच दमात, “ताई, सोपान कुठंय?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. पहिलाच येईल असं वाटलं नव्हतं. मी लाइटनरांकडे वळून जर्मनमध्ये म्हटलं, “भाऊ कुठे आहे, विचारतायत.”

“उपचार चालू आहेत म्हणून सांगा.”

ते खोटं जर्मनमध्ये ऐकताना मला काही वाटलं नाही, ते लाइटनरबाईंचं होतं. मराठीत म्हणायची वेळ आली तसं ते माझं झालं.

“उपचार चालू आहेत,” मी म्हटलं.

त्यांचं सगळं अंग सैल पडल्यासारखं झालं. डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानाकडे गेलं, ते पुसायला हात उचलायचंही त्यांना सुचलं नाही. “कालपास्नं कुणी काय सांगंना. मी खुणा करून इचारतोय, तर त्या पोरी नुसत्या हात थोपटत्यात. लय लागलंय का त्याला?”

मी विचारलं. लाइटनर म्हणाल्या, “डॉक्टर नंतर सांगतील.”

“डॉक्टर नंतर सांगतील, दादा.”

“हितलं डाक्टर चांगलं असत्यात,” ते स्वतःशीच म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. काचघरातून किती वाजता निघालात, गाडीत काय होतं, रस्ता रोजचाच का, दिवे चालू होते का. ते नीट उत्तरं देत होते. आता त्यांच्या जिवाला थारा मिळाला होता, म्हणून देत होते. मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होते आणि कामात रमल्यासारखी झाले होते.

“गाडी कोण चालवत होतं?” लाइटनरांनी विचारलं.

मी ते मराठीत सांगितलं. मारुतींनी एकदा लाइटनरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ह्या बाईंना मराठी कळतं का?”

“नाही.”

“हिंदी?”

“नाही, दादा.”

“मग ऐका, ताई. गाडी सोपान चालवत व्हता. पण तुम्ही ह्यांना सांगा, मारुती चालवत व्हता. हितं चालणारं लायसन माझ्याकडं हाय, त्याच्याकडं नाय. त्याला आत घालत्याल. सव्वीस वर्षाचं पोरगं हाय, गेल्या सालच्या वैशाखात लगीन झालंय त्याचं. मला काय करायचं ते करू द्या.”

“मला जसंच्या तसं सांगावं लागतं, दादा.”

“मग जसंच्या तसं सांगा. मी चालवत व्हतो.”

“बराच वेळ बोलला तो,” लाइटनर म्हणाल्या. “काय म्हणतोय?”

मी मारुतींच्या प्लास्टरकडे बघत राहिले. लाइटनरांनी वाट पाहिली आणि वही मांडीवर ठेवली. “थांबा. उत्तर देण्याआधी त्याला एक गोष्ट माहीत पाहिजे. थांब्यावरच्या बाई वारल्या. वेसली नावाच्या. एका माणसाचा जीव गेलाय, हे समजून त्याने उत्तर द्यावं. सांगा त्याला.”

मी सांगितलं.

“मेल्या?” मारुती म्हणाले.

“हो.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. पापण्यांखाली बुबुळं हलताना दिसत होती. मग डोळे न उघडताच म्हणाले, “तर मग मीच चालवत व्हतो. लिहून घ्या म्हणावं. मारुती लक्ष्मण गराडे चालवत व्हता. सोपान बाजूला झोपला व्हता, त्याला काय ठावं नाय.”

समोर एक माणूस आपल्या आयुष्याची वर्षं दुसऱ्याच्या नावानं देऊन टाकत होता, आणि ज्याच्या नावानं देत होता तो त्याच इमारतीच्या तळघरात थंड खोलीत होता. हे तिथल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं.

“मी हे सांगणार नाही,” मी लाइटनरांना म्हटलं.

“काय सांगणार नाही?”

“तो जे म्हणाला ते. भाऊ जिवंत आहे असं धरून बोलतोय तो.”

“फ्राऊ भोंडवे, ते ठरवणं तुमच्याकडे नाही. तो काय म्हणाला ते सांगा.”

मी मारुतींकडे वळले. “दादा, सोपान गेला.”

“कुठं गेला?” त्यांनी विचारलं.

“वारला, दादा. काल सकाळीच. तिथंच रस्त्यावर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रडतील, ओरडतील, असं वाटून डॉक्टर दोन पावलं पुढे आला होता. तसं काही झालं नाही.

“आत्ता तुम्ही म्हणालात, उपचार चालू हायेत.”

“मला तसं सांगायला लावलं होतं.”

“तुम्ही म्हणालात,” ते पुन्हा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

लाइटनरांना शब्द कळले नसले तरी काय झालं ते कळलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरनं मारुतींची नाडी धरली, तो त्यांना जर्मनमध्ये काही तरी सांगत होता आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते. बाहेर गाडा ढकलत कुणी तरी गेलं. बऱ्याच वेळानं मारुती म्हणाले, “त्यांना बसायला सांगा. मी सांगितलं ते लिहून घ्या म्हणावं. मी चालवत व्हतो.”

“दादा, आता कशाला? त्याला आता कोण काय करणार आहे?”

“म्हातारीचं मरण त्याच्या डोक्यावर ठेवून लावून देऊ त्याला? त्याला आता बोलता येणार हाय का? मला येतंय. लिहा.”

“आता तरी सांगणार आहात?” लाइटनरांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी मला हळूच सांगितलेलं धरून. सोपान चालवत होता हे, आणि मीच चालवत होतो असं लिहा हे, दोन्ही. लाइटनर मान खाली घालून ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे मला कालपासून माहीत आहे.”

त्यांनी पेनानं मारुतींच्या खांद्याकडे दाखवलं. “आमच्याकडे चालक डावीकडे बसतो. त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. याचा वळ उजव्या खांद्यावर आहे. हा चालकाच्या शेजारी बसला होता. सांगा त्याला.”

“मग विचारलंत कशाला?”

“त्याच्या तोंडून यायला हवं होतं. आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी कुणी दिली, ते मला हवंय. मालकानं दिली असेल तर मला त्याला सोडायचं नाही.”

मी मारुतींना वळाचं सांगितलं. त्यांनी हनुवटी वाकवून खांद्याकडे बघायचा प्रयत्न केला, मान तेवढी वळली नाही. मग चांगल्या हातानं त्यांनी झगा वर ओढून वळ झाकून घेतला.

“पट्टा खोटं बोलतोय म्हणावं,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेही मी सांगितलं. लाइटनरांनी ते लिहिलं नाही.

व्हरांड्यात आल्यावर त्या मला म्हणाल्या, “मी तुमची तक्रार करणार नाही. पण तुम्हाला पुन्हा बोलावणारही नाही. या कामात तुम्ही पडू नये असं मला वाटतं.” मी ट्राममध्ये बसून होस्टेलवर आले आणि संध्याकाळपर्यंत कपडेसुद्धा बदलले नाहीत.

पोलिसांनी बोलावलं नाही, पण तीन-चार दिवसांनी इस्पितळातून नर्सचा फोन आला. पेशंट सारखा एकच शब्द म्हणतोय, तो तुमच्या आडनावासारखा वाटतो, असं ती म्हणाली. मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात मूगडाळीची खिचडी करून डब्यात घातली आणि गेले. खिचडी त्यांना चालणार नव्हती, अजून नुसतं पातळच देत होते. डबा तसाच खिडकीत राहिला.

“ताई, घरी फोन लावायचाय,” ते म्हणाले.

वकिलातीचा माणूस येऊन गेला होता. घरी कुणी कळवायचं नाही, मी सांगीन, असं मारुतींनी त्याला हात धरून सांगितलं होतं. गावातल्या एका चुलतभावाला तेवढं त्याच्याकरवी खरं कळवलं होतं आणि घरापर्यंत पोचू द्यायचं नाही अशी शपथ घातली होती. मी माझ्या फोनवरून नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“आई, मारुती बोलतोय.”

“अरं, किती दिवस झालं? हाईस का बरा?”

“बरा हाय. आई, आम्ही घरी येतोय.”

“कोण, दोघं?”

“दोघं. सोपानला घेऊन येतोय.”

“एकदम दोघं कसं काय? काम सुटलं का रं?”

“व्हय. काम सुटलं.”

“सुटू दे. हितं काय कमी हाय? त्याला दे बरं फोन, शीतल हितंच उभी हाय. पोरगी रोज वाट बघती.”

“तो आत्ता हितं नाय, आई.”

“मग आला की करायला सांग. नुसतं काम काम. सांगशील ना?”

“सांगतो.”

त्यांनी मला खूण केली, मी फोन बंद केला. ते बराच वेळ खिडकीतल्या डब्याकडे बघत होते. “घरी गेल्यावर सांगंन,” ते म्हणाले. “माझ्या तोंडानं सांगंन. फोनवर नाय सांगता येत.”

त्यानंतर मी तास संपले की जात असे. ते फार बोलत नसत. माझ्यावरचा राग गेला होता का, मला कळलं नाही. मी एकदाच तो विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही तरी काय करणार?” एवढंच. सोपानला त्यांनी एकदा बघितलं. चाकाच्या खुर्चीतून तळघरात नेलं होतं, मी दाराबाहेर थांबले. परत आल्यावर म्हणाले, “केस ओलं करून भांग पाडलाय. त्याचा भांग दुसऱ्या बाजूनं असतो.” मी आत जाऊन तिथल्या माणसाला तेवढं सांगून आले.

डिसेंबर लागला. शहरात जिकडेतिकडे दिवे लावले होते, बाजार भरले होते. एका दुपारी नर्स म्हणाली, वारलेल्या बाईंचे यजमान आले आहेत, त्यांना पेशंटला भेटायचंय. भेटायलाच पाहिजे असं काही नाही, नाही म्हणालात तरी चालेल. मी मारुतींना विचारलं.

“येऊ द्या,” ते म्हणाले आणि अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

हेर वेसली, म्हणजे श्रीयुत वेसली, उंच, हडकुळे होते, ऐंशीच्या आसपासचे. लांब काळा कोट, हातात टोपी. दाढी नुकतीच केलेली आणि हनुवटीवर कापल्याची खूण. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

“मला एकच विचारायचंय,” ते मला म्हणाले. मारुतींकडे ते अजून बघत नव्हते. “तिला शेवटी पाहणारा जिवंत माणूस हा एकटाच आहे, असं मला पोलिसांनी सांगितलं. ती घाबरली होती का?”

मी विचारलं. मारुतींनी उत्तराची घाई केली नाही. खरंच आठवत होते.

“नाय,” ते म्हणाले. “त्यांचं आमच्याकडं ध्यानच नव्हतं. मान खाली घालून पिशवीत काय तरी हुडकत व्हत्या. वर बघितलंच नाय त्यांनी.”

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं दोनदा मान हलवली.

“चष्मा,” ते म्हणाले. “सारखी चष्मा शोधायची.” आणि मग खुर्चीत बसले.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची कड बोटांनी सारखी केली. थोड्या वेळानं ते उठले, मला “आभार” म्हणाले आणि दाराकडे वळले.

“ताई, थांबवा त्यांना,” मारुती म्हणाले. “मला सांगायचंय.”

मी त्यांना थांबवलं. ते दाराशीच उभे राहिले.

“त्या दिवशी सोपान नको म्हणत व्हता,” मारुती म्हणाले. “म्हणला, दादा, मला हिकडच्या उलट्या बाजूनं जमत नाय, तूच चालव. मी रातभर खोकी भरली व्हती. झोप आवरंना मला. मी चावी त्याच्या अंगावर फेकली. म्हणलं, गावाकडं पिकअप पळवतोस आन् हितं मोकळ्या रस्त्याला भितोस व्हय? आईला सांगू का, भित्रं निघालं म्हणून? मग बसला तो. मी डोळं मिटलं.”

ते थांबले. मी तेवढं जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारे ऐकत होते.

“डोळं उघडलं तवा समोर ट्राम व्हती. वळताना तो डाव्या अंगाला गेला, आपल्याकडं जातो तसा. ट्राम बघून त्यानं गाडी फिरवली. ‘दादा’ म्हणला. बाकी काय बोलला नाय.” मारुतींनी फाटका ओठ जिभेनं ओला केला. “पोलिसांनी इचारलं, कोण चालवत व्हतं. मी म्हणलं, मी. ते खोटं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं नाय.”

हे मी जर्मनमध्ये सांगितलं. मला वाटलं होतं की ते भावाला वाचवत होते. इतके दिवस त्यांच्या उशाशी बसून मला तसंच वाटत होतं.

हेर वेसली आता मारुतींकडे बघत होते. पहिल्यांदाच.

“हे त्यानं मला का सांगितलं?”

मी विचारलं.

“आईला सांगता येणार नाय,” मारुती म्हणाले. “शीतलला नाय. पोलीस ऐकत नायत. ह्यांची बायको गेली, ह्यांना तरी सांगायलाच पायजे.”

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“ती घाबरली होती का, एवढंच विचारायला मी आलो होतो,” ते म्हणाले. “मला उत्तर मिळालं होतं. ते घेऊन मी घरी गेलो असतो. आता हेही घेऊन जावं लागणार.” मग ते माझ्याकडे वळले. “त्याला सांगा, याचं मी काही करू शकत नाही.”

मी मारुतींना ते सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. करावासा वाटला होता.

“बरोबर हाय त्यांचं,” मारुती म्हणाले.

त्यांनी नमस्कार करायला हात उचलले. डावा प्लास्टरमध्ये जड होता, वर येईना. उजवा एकटाच कपाळाकडे गेला आणि तिथे थांबला. हेर वेसलींना ते काय आहे ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“त्याला काही हवंय का?”

“नाही,” मी म्हटलं.

ते गेले. त्यांचे बूट व्हरांड्यात बराच वेळ वाजत राहिले, म्हातारी माणसं चालतात तसे, एक लांब, एक आखूड. मारुतींचा हात अजून कपाळालाच होता. मी तो धरून खाली पांघरुणावर ठेवला.

नाताळाच्या आधी कागदपत्रं झाली. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवलं. अहवालात चालक म्हणून सोपानचं नाव राहिलं. मालकाला काही झालं की नाही, मला कधी कळलं नाही. मारुतींनी दुसरा जबाब दिलाच नाही. दुसरा दुभाष्या आला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, असं नर्स म्हणाली.

मी विमानतळावर गेले होते. सोपानची पेटी मागच्या बाजूनं आधीच गेली होती. मारुतींनी कुणी तरी दिलेला ढगळ कोट घातला होता, एक बाही मोकळीच लोंबत होती. सामान नव्हतं. चुलतभाऊ मुंबईला गाडी घेऊन येणार होता.

“तुमचं कॉलेज कधी संपतंय?” त्यांनी विचारलं.

“जानेवारीच्या शेवटी. मग मी पण येणार.”

“या. आईबाप वाट बघत असत्याल.” ते फलकाकडे बघत होते, त्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. “ताई, आमच्या घरी येऊ नका.”

मी त्यांच्याकडे वळले.

“राग नाय,” ते म्हणाले. “तुम्ही माझं लय केलंत. पण तुम्ही दारात उभ्या राहिलात तर आई इचारंल, ही कोण. मग मला काय तरी सांगावं लागंल. तुमच्यासमोर मला दुसरं काय सांगता येणार नाय.”

“नाही येणार,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईनं त्यांना काही तरी विचारलं, त्यांनी खिशातून पासपोर्ट काढून तिच्यापुढे धरला, आणि ती आत गेली तशी तिच्यामागून तेही आत गेले.

जानेवारीत परीक्षा दिली, चांगले गुण पडले. परत आल्यावर घरी सगळ्यांना व्हिएन्नाचं ऐकायचं होतं. मी राजवाडे सांगितले, बर्फ सांगितला. पुढे मी जर्मन शिकवायला लागले, अजून शिकवते. दुभाष्याचं काम एकदोनदा आलं, मी ते दुसऱ्यांकडे पाठवलं.

पेटी गावात आली तेव्हा मारुतींनी आईला काय सांगितलं, शीतलला काय सांगितलं, मला माहीत नाही. त्यांचं गाव आमच्या घरापासून मोटारसायकलवर तासाभराचं. पवनेच्या बाजूला कुणाकडे लग्नाला, बारशाला जायचं झालं की त्या गावाचा फाटा लागतो. मी गाडी हाकत सरळ पुढे जाते.